सहा महिन्यांचा संसार, ट्रॉलीचा पाचवा भाग

ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाने ट्रॅक्टर-ट्रॉलीत काय, कसे आणि कोणत्या क्रमाने भरावे

बीड, प्रतिनिधी

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावांतून ट्रॅक्टरची ये-जा वाढते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांतील वाड्या, वस्त्या आणि तांडे दिवाळीच्या मागेपुढे बघता बघता रिकामे होतात. घराला कुलूप लागते, किंवा दारात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे उरतात. बाकीचे सारे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील, नाही तर कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजयपूर भागातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ही संख्या लाखांत मोजली जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर वाढत गेलेले हे स्थलांतर आता तिसऱ्या पिढीपर्यंत आले आहे.

उचल, मुकादम आणि शाळा सुटलेली मुले यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. मात्र उघड्या रानात चार-सहा महिने काढण्यासाठी एक कुटुंब आपला सारा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेमका कसा बसवते, याची सलग नोंद क्वचितच आढळते. ती येथे दिली आहे. वर्षानुवर्षे निघणाऱ्यांना यातील बरेचसे पाठ असते. परंतु दरवर्षी नव्याने लग्न झालेली जोडपी प्रथमच कोयता धरतात. त्यांना, आणि ज्यांच्या शिवारात हे तळ पडतात त्या गावांतील वाचकांनाही, ही माहिती उपयोगी पडावी.

वाहन कोणते, त्यावर संसार ठरतो

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलांची मोजणी या हिशेबात होत नाही. ती फक्त ट्रॉलीत जागा व्यापतात.

निघण्याच्या पद्धती साधारणतः तीन. पहिली गाडी सेंटरची. यात प्रत्येक जोडप्याकडे बैलजोडी व टायरची गाडी असते आणि तोडलेला ऊस ते स्वतःच कारखान्याच्या काट्यावर नेतात. दुसरी डोकी सेंटरची. यात ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून फळीने चढून ट्रक किंवा ट्रॉलीत भरायचा असतो आणि वाहतूक वाहनमालकाची असते. तिसरी अलीकडची, लहान ट्रॅक्टरला छोटी गाडी जोडण्याची. तिला अनेक भागांत अंगद किंवा जुगाड म्हणतात. बैल सांभाळण्याचा खर्च न परवडणारी तरुण जोडपी तिच्याकडे वळत आहेत.

येथे विचार मुख्यतः डोकी सेंटरच्या टोळीचा केला आहे, कारण जागेची सर्वाधिक ओढाताण तिच्यात होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि एका ट्रॅक्टरमागे साधारण आठ-दहा कोयते. म्हणजे दोन ट्रॉल्यांत आठ-दहा संसार. एका कुटुंबाच्या वाट्याला एका ट्रॉलीचा जेमतेम पाचवा भाग येतो. एवढ्या जागेत घर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठार आणि पाळणाघर बसवायचे असते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. हौसेने घरासारखी गाडी घेऊन फिरणाऱ्यांसाठी वाहनतळावर पाणी, वीज, रस्ता अशा सोयी असाव्यात, असा विचार त्यात आहे. तो योग्यच आहे. मात्र त्याच राज्यात कितीतरी मोठ्या संख्येने कुटुंबे दरवर्षी चाकांवर संसार लादून रानात उतरतात आणि त्यांच्या तळाला यापैकी काय मिळेल, हे त्या त्या कारखान्याच्या मर्जीवर राहते.

टनांत मोजलेली ताडपत्री

निघण्यापूर्वीची सारी खरेदी उचलीतून होते, आणि उचल हे कर्ज आहे. जोडप्यामागे ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा समझोता झाला आणि मूळ दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर आला. या दराने एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तरी १३६ दिवस झाले, आणि त्यात आजारपण, पाऊस किंवा ट्रॅक्टरचा बिघाड धरलेला नाही. २०२४-२५ चा हंगाम विधानसभा निवडणुकीमुळे नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला आणि बहुतेक कारखान्यांचा पट्टा मार्चमध्येच पडला. हंगाम आखडला की उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर जाते.

म्हणून सामानाची यादी करताना प्रत्येक वस्तूची किंमत टनांत मोजून पाहावी. तीन हजारांची ताडपत्री म्हणजे आठ टनांहून थोडा अधिक ऊस. एवढ्या उसासाठी जोडप्याचे चार दिवस जातात. तरीही ताडपत्री चांगलीच घ्यावी, असे अनुभवी मंडळी सांगतात. नोव्हेंबरातील अवकाळी पावसात हलके मेणकापड फाटले, तर धान्य भिजते, अंथरूण भिजते आणि लहान मूल आजारी पडले की दोघांपैकी एकाचा खाडा होतो. याउलट स्टीलचा नवा डबा, रंगीत टीव्ही, मोठे स्पीकर ही खरेदी उचलीच्या पैशांतून करणे म्हणजे पुढच्या वर्षीचा ऊस आताच तोडून ठेवल्यासारखे आहे. तो मोह कोणाला होत नाही असे नाही. सहा महिने करमणुकीशिवाय काढणाऱ्याला कोणी नाव ठेवू नये. पण स्वस्तातला रेडिओ किंवा हातातला मोबाइल तेच काम करतो.

भरण्याचा क्रम

ट्रॉली भरताना पाळायचा नियम असा, की जे शेवटी लागणार ते तळाला आणि जे उतरल्याबरोबर लागणार ते वर. जड सामान तळाशी व चाकांच्या धुरीवर यावे, हलके सामान वर व कडेला. सारे वजन मागच्या फाळक्याकडे गेले तर दोन चाकी ट्रॉली मागे कलते, ट्रॅक्टरचे मागचे चाक उचलल्यासारखे होते आणि चढाला पकड सुटते.

तळाशी धान्याची पोती. ज्वारी-बाजरीचे पोते, तूर व मुगाची डाळ, मिठाचा पुडा, तेलाचा डबा. तिखट, काळा मसाला, येसूर, कुरडया आणि खारोड्या घरूनच न्याव्या लागतात. तळाजवळच्या दुकानात त्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग पडतात. दोन मोठी माणसे व तीन मुले यांना दिवसाला साधारण दोन किलो धान्य धरले, तर महिन्याला साठ किलो होते. सहा महिन्यांचे साडेतीन क्विंटल ट्रॉलीच्या पाचव्या भागात नेणे शक्य नसते. दोन महिन्यांचे न्यावे आणि पुढचे रेशन कामाच्या ठिकाणी उचलावे. त्याचा तपशील पुढे आला आहे.

पोत्यांवर पत्र्याची पेटी. तिच्यात कपडे, कागदपत्रे आणि औषधे. पेटीला कुलूप असावे; कोपीला दार नसते, त्यामुळे घराची तिजोरी हीच. पेटीच्या बाजूला भांडी एका पोत्यात बांधून: तवा, परात, काठवट, दोन पातेली, हंडा, कळशी. पाटा-वरवंटा अनेक बायका अजूनही सोबत नेतात. त्याचे वजन पाहून वाहनमालक कुरकुर करतो. परंतु चटणी-भाकरीवर दिवस काढणाऱ्यांच्या घरात तो चैनीची वस्तू म्हणता येत नाही.

वरच्या थरात वाकळा, गोधड्या, घोंगडी, ताडपत्री आणि दोर. कडेला बांधून पाण्याचे रिकामे ड्रम व बादल्या. त्यांत पातेली, शेणी किंवा सरपण भरले की जागा वाया जात नाही. कोंबड्या झाप्याखाली किंवा डालग्यात मागे. शेळी नेणारे पुष्कळ असतात, कारण मुलांच्या चहा-दुधाची सोय होते. तिला ट्रॉलीच्या कोपऱ्यात आखूड दाव्याने बांधावे. लांब दावे असेल तर धक्क्याने ती बाहेर लटकण्याची भीती असते.

कोयते, कानस, दोर, चुंबळी आणि फळी यांचे गाठोडे वेगळे व बांधलेले. कोयत्याची पाती पोत्याच्या फडक्यात घट्ट गुंडाळावीत. मुले सामानावर झोपतात आणि रात्रीच्या अंधारात उघडे पाते दिसत नाही. पुरुषांचे जुने पूर्ण बाह्यांचे दोन-दोन सदरे बायकांसाठी घ्यावेत. उसाच्या पाल्याने हात-मान चिरते. लुगड्यावरून सदरा घालण्याची पद्धत त्यासाठीच पडली आहे.

रस्त्यावर

बीडहून कोल्हापूर भागातील कारखाना तीनशे किलोमीटरहून दूर आहे. भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हे अंतर एका दिवसात कापत नाही. धुळे-सोलापूर महामार्गाने जाताना मांजरसुंब्याचा घाट आणि पुढे येडशीचा घाट लागतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उताराला ट्रॅक्टर थांबवला तरी मागच्या दोन ट्रॉल्या त्याला ढकलत राहतात. म्हणून घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय चालकांत आहे आणि ती जीवघेणी आहे. ट्रॅक्टरला शेतात वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांचे वेगळे ब्रेक असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॉली आडवी होते. जोडणीच्या पिनीला अडकण असावी आणि तिच्या जोडीला साखळी.

मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर नसणे हे रात्रीच्या अपघातांचे फार मोठे कारण आहे. अंधारात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. रिफ्लेक्टरची पट्टी स्वस्त असते, पण तिच्यावर गोधडी लोंबकळत असेल किंवा चिखल बसला असेल तर तिचा उपयोग नाही. हंगामात पोलीस व परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. त्यात स्पीकर काढून ठेवण्याच्या सूचनाही असतात. मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या चालकाला मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, आणि मागच्या ट्रॉलीतून कोणी ओरडले तरी कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रॉली ही मालवाहतुकीसाठी आहे, तीत माणसे बसवून नेण्यास कायद्याने परवानगी नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी सामानावर बसलेल्या माणसांचा दावा नाकारू शकते. हे सर्वांना माहीत असते आणि तरीही प्रत्येक ट्रॉलीच्या ढिगावर बायका-मुले बसलेली दिसतात, कारण वेगळ्या वाहनाचे भाडे कोणी द्यायचे हा प्रश्न सुटलेला नसतो. त्यावर एक मार्ग आहे. मार्च २०२३ पासून एसटीच्या बसमध्ये महिलांना निम्मे भाडे आहे, पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धे तिकीट आहे. सामान ट्रॉलीत आणि बायका-मुले एसटीत, असे ठरवले तर होणारा खर्च दोन-तीन टन उसाहून अधिक नसतो. तो मुकादमाने द्यावा, असे उचल घेतानाच बोलून ठेवावे. कर्नाटकात जाणाऱ्यांना ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच मिळते.

तळ आणि कोपी

कारखान्याच्या हद्दीत पोचल्यावर तळाची जागा दाखवली जाते. कधी ती कारखान्याजवळचे पटांगण असते, कधी एखाद्या शेतकऱ्याचे पडीक रान. जागा निवडण्याची मुभा थोडीच असते, परंतु त्या पटांगणात आपली कोपी कोठे उभी करायची हे आपल्या हाती असते आणि तेथे घाई करू नये. ओढ्याच्या किंवा कालव्याच्या काठची सपाट जागा आकर्षक वाटते. अवकाळी पावसात पाणी पहिल्यांदा तेथेच शिरते. उभ्या उसाला लागून कोपी नको. वरून विजेची तार जात असेल तर नकोच. आकडा टाकून दिवा लावण्याच्या नादात ओल्या बांबूतून झटका बसतो.

कोपी म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर चटई किंवा पाचट आणि त्यावर मेणकापड. अनेक कारखाने बांबू व चटया देतात. त्या मोजून घ्याव्यात, कारण परत करताना त्यांचाही हिशेब होतो. दाराची बाजू वाऱ्याच्या विरुद्ध ठेवावी. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा ईशान्य व पूर्वेकडून येतो, तेव्हा दार पश्चिमेला किंवा दक्षिणेला बरे. जमीन चार बोटे उंच करून, चोपून, शेणाने सारवावी आणि भोवती टीचभर खोल चर खणावा. हा चर म्हणजे एका संध्याकाळचे काम, पण पावसाच्या रात्री अंथरूण कोरडे राहते ते त्याच्यामुळे.

कोपीचा खरा शत्रू पाऊस नाही, आग आहे. वाळलेले पाचट आणि प्लॅस्टिक यांना ठिणगी पुरते. एका कोपीला आग लागली की ओळ पेटते, आणि दिवसा पेटली तर विझवायला कोणी नसते, कारण सारे फडात असतात. दोन कोप्यांत निदान दहा पावलांचे अंतर असावे. चूल कोपीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीन बाजूंनी मातीचा आडोसा करून मांडावी. फडावर निघताना निखाऱ्यांवर पाणी टाकावे, राख झाकून भागत नाही. पाच किलोचा लहान गॅस सिलिंडर असेल तर तोही उन्हात किंवा कोपीच्या दारात ठेवू नये. चिमणी आणि मेणबत्तीऐवजी सौर दिवा घ्यावा. ट्रॉलीच्या कडेला बांधून वाटेतच तो भरून घेता येतो.

पाणी

आपत्तीच्या छावण्यांसाठी माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पाच माणसांच्या कोपीला ७५ लिटर. दोनशे लिटरचा ड्रम भरला तर अडीच दिवस पुरतो. तळावर टँकर दोन दिवसांआड येत असेल तर कुटुंबामागे एक ड्रम हवाच, आणि टँकर चुकला तर काय, याचा विचार टोळीने मिळून करावा. फडातून रात्री आठ-नऊला परतलेली बाई हंडा घेऊन विहीर शोधत फिरते, हे दृश्य तळावर नेहमीचे आहे.

ड्रम जुना घेताना त्यात पूर्वी काय होते ते विचारावे. कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी चालत नाही. पाणी तुरटी फिरवून निवळावे, फडक्याने गाळावे आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण टाकून अर्धा तास ठेवावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत; हा फरक समजावून सांगावा लागतो.

रात्र

ऊस म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे साप. नाग आणि घोणस बहुधा फडात भेटतात. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास लागतो आणि घरचे लोक अपचन समजून बसतात. ज्यांच्या सामानात एखादी घडीची बाज बसू शकेल त्यांनी ती मुलांसाठी न्यावी. बाज बसत नसेल तर बांबूचा माचा तळावर बांधता येतो. त्याहून स्वस्त उपाय मच्छरदाणीचा. तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेल्या असल्या पाहिजेत. दंश झाल्यास चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो भाग हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तळ ज्या गावाच्या हद्दीत आहे त्याचे नाव, रस्ता आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय पोचल्या दिवशीच विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता परक्या मुलखात आपण कोठे आहोत हे फोनवर सांगता न येणे, यात मोलाचा वेळ जातो.

जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात उसातच बिबट्याची पिल्ले वाढतात. तोडणी पुढे सरकते तसा त्यांचा आडोसा कमी होतो. फडाच्या कडेला झोळीत मूल ठेवून आई-बाप तोडत पुढे जातात, ते टाळावे. लहान मुले टोळीतील एका माणसाच्या नजरेखाली, मोकळ्या जागेत, एकत्र असावीत. त्या माणसाची दिवसाची मजुरी टोळीने वाटून द्यावी. ही सूचना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात दोन हात कमी झाले की ट्रॉली उशिरा भरते आणि मुकादम बोलतो. तरीही ती सोडू नये.

स्त्रिया आणि मुले

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाडा परवडत नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या काळात कापड धुवायला पाणी नाही. शस्त्रक्रियेकडे नेणारी वाट अशी तळावरूनच सुरू होते. म्हणून सामानाच्या यादीत चार बांबू आणि जाड कापडाचा न्हाणीचा आडोसा हा ताडपत्रीइतकाच आवश्यक धरावा. पॅड किंवा स्वच्छ सुती कापड, साबण, झाकणाची वेगळी बादली, लोहाच्या गोळ्या हे पेटीत हवे. निघण्यापूर्वी गावच्या उपकेंद्रात तपासणी करून घ्यावी. गरोदर बाईने माता व बाल संरक्षण कार्ड न विसरता न्यावे. ते दाखवल्यावर तळाजवळच्या आरोग्य केंद्रातही पुढची तपासणी व लस मिळते.

मुलांपैकी शाळेत जाणारी शक्यतो मागे ठेवावीत. गावातील शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होते का, याची चौकशी मुख्याध्यापकांकडे निघण्याच्या आधी करावी. राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली आहे. मूल सोबत न्यावेच लागले, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. त्यावर तळाजवळच्या जिल्हा परिषद शाळेने त्याला बसू दिले पाहिजे. कर्नाटकात शाळा कन्नड माध्यमाची असते, आणि तेथे मूल नेणे म्हणजे व्यवहारात वर्ष गमावणे.

कागदपत्रांची पिशवी

प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, ई-श्रम कार्ड आणि ग्रामसेवकाने दिलेले ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी ही नोंदणी लागते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याने त्याची प्रतही ठेवावी, कारण शेतकरी अपघात अनुदानाच्या योजनेत मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळतात आणि कागद वेळेत सादर न झाल्याने दावे पडून राहतात.

रेशनविषयी गैरसमज फार आहेत. एक देश एक रेशन कार्ड योजनेत कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरी राहिलेल्या सासू-सासऱ्यांनी गावात त्यांच्या वाट्याचे घेतले आणि तुम्ही तळावर तुमच्या वाट्याचे घेतले, तरी चालते. मात्र दोघांनी आधी बोलून ठरवावे. एकाने सारे उचलले की दुसरा रिकाम्या हाताने परततो.

पट्टा पडल्यावर

परतीची ट्रॉली हलकी असते. पोती संपलेली, मेणकापड फाटलेले, कोंबड्या बहुधा वाढलेल्या. बांबू आणि चटया मोजून परत कराव्यात आणि पोच घ्यावी. सामान भरण्याआधी हिशेब व्हावा, भरल्यानंतर नव्हे; ट्रॉलीत चढलेल्या माणसाला घरची ओढ लागलेली असते आणि मुकादम सांगेल तो आकडा तो मान्य करतो. यासाठी पहिल्या खेपेपासून एक वही ठेवावी. तारीख, शेतकऱ्याचे नाव, काट्याच्या पावतीवरील वजन, त्या खेपेला किती कोयते होते आणि मध्ये घेतलेला खर्ची. ज्या घरात कोणी शिकलेले नाही त्यांनी पावत्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. ही वही पत्र्याच्या पेटीत, कागदपत्रांच्या पिशवीशेजारी असावी.